जिंतूरकर सरांचा नकार

दारात आलेल्या माणसाला पाण्याला नाही म्हणू नये, असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. वैरी आला तरी तांब्या पुढं करायचा. आमचे जिंतूरकर सर मात्र शेवटची काही वर्षं रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून लोकांना पाण्याला नाही म्हणायला बसायचे. तोच त्यांचा धंदा होता. तो चालला नाही हे वेगळं सांगायला नको.

धंद्यात पडण्याआधी ते माझे विभागप्रमुख होते. औरंगाबादच्या एका कॉलेजात आम्ही भूगर्भशास्त्र शिकवायचो. शहराचं नाव आता बदललंय, पण तेव्हाचं सांगताना माझ्या तोंडात औरंगाबादच येतं. मी नोकरीला लागले तेव्हा विभागात बाई अशी मी एकटीच. बाकीच्या सहकाऱ्यांनी पहिल्या दिवशी मला वेळापत्रक दिलं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, खुर्ची कुठली ते सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, "बाई, विहिरीत वाकून बघायची भीती वाटते का?" मी नाही म्हणाले. चांगलीच वाटत होती. "मग जमेल आपलं," असं म्हणून ते वर्गावर निघून गेले.

सरांच्या शर्टाचा खिसा कायम खडूच्या भुकटीनं पांढरा असायचा. नव्या मुलांना वाटायचं, मास्तर आहेत, लागणारच खडू. पण तो खडू फळ्यासाठी नव्हताच, फळ्यावर ते फार कमी लिहायचे. स्टीलच्या टेपच्या टोकाला हातभर खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायची. वर ओढली की खडू जिथपर्यंत भिजलेला दिसेल तिथपर्यंत पाणी. एवढं साधं काम ते देवपूजेच्या गांभीर्यानं करायचे. टेप खाली जात असताना कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. एकदा प्राचार्य सोबत आले होते आणि त्यांनी मध्येच परीक्षेच्या तारखांचा विषय काढला, तर सरांनी त्यांनाही ओठांवर बोट ठेवून गप्प केलं होतं.

माप झालं की त्या विहिरीचं पाणी प्यायचं. प्यायचं म्हणजे काय, ते पाणी अक्षरशः चघळायचे. मग डोळे मिटून सांगायचे, "हे दोन पावसाळ्यांमागचं आहे." खरं होतं की आमची फिरकी घेत होते ते मला अजून माहीत नाही. नंतर ठरलेलं वाक्य यायचं, "इथलं पाणी इथलं नसतं, बाई." वरच्या उतारावर कुणाच्या तरी शेतात पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून, थराथरांतून हळूहळू सरकत खाली येतो आणि खालच्याची विहीर भरते. म्हणजे जो तो दुसऱ्याचा पाऊस पितो. विद्यार्थ्यांना हे परीक्षेत कसं लिहायचं ते कळायचं नाही, आणि त्यांना कळत नाही याचं सरांना काही वाटायचं नाही. विभागप्रमुख म्हणून ते तसे बेजबाबदारच होते.

वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर आणि मे महिन्यात, आम्ही ठरलेल्या बावीस विहिरी मोजायचो. त्यांतली शेवटची फर्दापूरच्या अलीकडच्या एका गावातली, कौसाबाईंची. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी सहा एकर रान, त्यात एक दगडी बांधणीची विहीर. नवरा तरुणपणीच गेलेला. मुलगी लग्न होऊन सिल्लोडला. या विहिरीवर त्यांनी एकटीनं मोसंबी लावली होती आणि जगवली होती. सर दिसले की त्या लांबूनच ओरडायच्या, "आले का मास्तर माझ्या इहिरीची नाडी पाह्याला?"

त्यांचा एक नियम होता. मापाच्या दिवशी त्यांच्याकडं जेवल्याशिवाय कोणी रस्त्याला लागायचं नाही. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. सर घरी मोजून दोन पोळ्या खाणारे, तिथं तीन भाकरी रिचवायचे. जेवताना कौसाबाई वर्षभराच्या विहिरीच्या तक्रारी सांगायच्या आणि सर डॉक्टरसारखे ऐकून घ्यायचे. त्या विहिरीचं पाणी कितीही वाईट वर्षी तळाला गेलं नव्हतं. वीस वर्षांच्या नोंदीत तशी ती एकच होती, आणि सरांचा तिच्यावर जीव होता. जीव होता असंच म्हणते, दुसरा शब्द मला सुचत नाही.

या नोंदींवरून सर अहवाल लिहायचे. कुठल्या पट्ट्यात बोअर घेऊ नये, कुठं ओढ्यावर बांध घालावा, कुठं उसाला परवानगी देऊ नये. अहवाल टाइप व्हायचा, त्याच्या चार प्रती निघायच्या, तीन सरकारी कचेऱ्यांत जायच्या आणि एक आमच्या कपाटात. कचेऱ्यांतल्या प्रती कुठल्या कपाटात आहेत ते बघायला सर एकदा स्वतः गेले होते. तिन्ही प्रती कोणी उघडल्याही नव्हत्या. आल्यावर मला म्हणाले की भोक पडून गेल्यावर सांगण्यात अर्थ नाही, जिथं भोक पाडायचं ठरतं तिथं आपण उभं असलं पाहिजे. पुढच्या महिन्यात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यांच्या घरच्यांनी, आम्ही, प्राचार्यांनी, सगळ्यांनी समजावलं. पेन्शनला थोडीच वर्षं राहिली होती. पण एकदा ठरलं की सर कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

शहागंजात पंपमोटारीच्या एका दुकानावर त्यांनी खोली घेतली आणि 'भूजल सल्लागार' अशी पाटी लावली. खाली दुकानाचे मालक रऊफभाई. बोअर लागली की मोटार त्यांच्याकडूनच जाणार, म्हणून त्यांनी वर सल्लागार बसवून घेतला होता, हिशेब सरळ होता. पण वर गेलेली माणसं तोंड पाडून खाली यायची आणि मोटार न घेताच निघून जायची. कारण सर जमीन बघून यायचे, यंत्रानं तपासायचे, रात्र-रात्र आकडेमोड करायचे आणि दहातल्या सहा जणांना सांगायचे, इथं पाणी नाही, खणू नका. किंवा आहे, पण ते शेजारच्या विहिरीचं आहे, खणू नका. रऊफभाई मोठ्या दिलाचा माणूस. त्यांनी कधी खोली सोडा म्हटलं नाही. फक्त एकदा माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "सर, नक्को सुनने कू इत्ती सिडी कोन चढ़ता?"

सर हसले. ते तेव्हा अजून हसत होते.

एक गोष्ट तर ते स्वतःच रंगवून सांगायचे. सिडकोतल्या एका सोसायटीनं त्यांना बोलावलं होतं. गेले तर तिथं एक पाणाडीबाबा आधीच हजर, तळहातावर नारळ घेऊन प्लॉटभर फिरताहेत. सोसायटीवाल्यांनी दोघांनाही बोलावून ठेवलं होतं, म्हणजे कोणाचं तरी खरं ठरेल. बाबांचा नारळ मागच्या कोपऱ्यात उभा राहिला. सरांनी यंत्र लावून सांगितलं, इथं काही नाही. सोसायटीनं कोपऱ्यात बोअर घेतली आणि पाणी लागलं. दुसरा कोणी असता तर घरी तोंड लपवून बसला असता. हे बाबांना चहाला घेऊन गेले आणि विचारलं, खरं सांगा, कसं ओळखलंत? बाबा म्हणाले, सर, भिंतीपलीकडं उंबराचं झाड होतं, आणि उंबर तिथं पाणी, ते तुम्ही बघितलंच नाही. सरांनी नंतर आठवडाभर भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. त्या सोसायटीतली बोअर पुढच्या उन्हाळ्यात आटली हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही, ते मला रऊफभाईंकडून कळलं.

मी कॉलेजातच राहिले. सरांच्या बावीस विहिरींची मापं आता मी घेत होते, आणि मे महिन्यात कौसाबाईंच्या विहिरीला सर हटकून सोबत यायचे. धंदा कितीही पडेल असो, ती फेरी चुकत नव्हती.

कौसाबाईंच्या रानापासून थोड्या अंतरावर, वरच्या अंगाला, रस्त्यालगत एक मोठं हॉटेल उभं राहत होतं. लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी. खोल्या, पुढं हिरवळ, मागं पोहण्याचा तलाव. मालक शहरातलाच, बोलायला गोड. तो सरांकडं बोअरचा पॉइंट, म्हणजे खणायची जागा, मागायला आला आणि सरांनी जमीन बघून नाही सांगितलं. महिन्यानं तो पुन्हा आला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं शांतपणे सांगितलं, "सर, हॉटेल तर होणारच. तुम्ही नाही दिलात तर दुसरा देईल, आणि तो त्या म्हातारीच्या बांधाला लागून देईल. बघा तुम्ही."

सरांनी दोन दिवस विचार केला. मला फोन करून बोलावलं, कागदावर रेघा मारून दाखवल्या. कौसाबाईंची विहीर जगते ती चाळीसेक फुटांवरच्या तांबड्या मातीच्या थरावरून सरकत येणाऱ्या पाण्यावर. बोअर दुसऱ्या बाजूला, बांधापासून लांब घ्यायची, आणि साठ फुटांपर्यंत केसिंग, म्हणजे लोखंडी पाइप, घट्ट बसवून वरचं पाणी बंद करायचं. त्याच्या खाली जे काही मिळेल ते हॉटेलचं. खाली मिळण्याची आशा थोडीच होती, पण वरच्याला धक्का लागणार नव्हता. "दुसऱ्यानं वाईट करण्यापेक्षा आपण नीट करू," ते म्हणाले. मला ते पटलं. आज मी या वाक्यावर पुष्कळ विचार करते, पण तेव्हा पटलं होतं हे कबूल केलं पाहिजे.

त्यांनी ते सगळं कागदावर लिहून दिलं. साठ फूट केसिंग या शब्दांखाली दोनदा रेघ मारली.

बोअरची गाडी आली ती नेमकी आमच्या मापाच्या आठवड्यात. सरांनी मुद्दाम तोच दिवस धरला, म्हणजे दोन्ही कामं होतील. सकाळी मशीनची पूजा झाली, पॉइंटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. गाडीवरची माणसं तामिळनाडूकडची होती, त्यांना मराठी येत नव्हतं, मध्ये एक एजंट होता. सरांनी एजंटला कागद वाचून दाखवला, साठ फुटांचे पाइप शेजारी रचलेले आहेत ते स्वतः मोजले. मशीन सुरू झालं, धूळ उडायला लागली.

अकराच्या सुमारास कौसाबाई पदर डोक्यावर ओढून बांधावर उभ्या राहिल्या. आम्ही सकाळीच विहीर मोजून आलो होतो, पण जेवलो नव्हतो. सर म्हणाले, आज राहू द्या कौसाबाई, इथं काम आहे. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

"वीस वरसं जेवला, अन् आज म्हनं राहू द्या. भाकरी थापून ठिवलीय म्यां. एक भाकर खाईस्तोवर काय मशीन पळून जातंय व्हय?"

आता यावर मराठवाड्यातला कोणता माणूस नाही म्हणेल? जगाला नाही म्हणणारे जिंतूरकर सर उठले. एजंटला पुन्हा एकदा साठ फूट, साठ फूट बजावलं आणि आम्ही गेलो. फार तर पाऊण तास लागला असेल. भरीत छान झालं होतं. सर आणखी अर्धी भाकरी घ्यायला लागले तेव्हा मीच हसले होते.

परत आलो तेव्हा सर गाडीपासून वीस पावलांवर थांबले. का ते मला आधी कळलं नाही. मग दिसलं, शेजारी रचलेल्या पाइपांपैकी एकच कमी झाला होता. एका पाइपाची लांबी वीस फूट. वीस फुटांवर कडक खडक लागला होता, आणि कडक लागला की केसिंग थांबवायचं, पुढं पोखरायचं छोटं टोक, म्हणजे बिट, लावायचं, ही त्या गाडीवाल्यांची रोजची रीत. पाइप घालायचा तो वरची भुसभुशीत माती ढासळू नये म्हणून, एवढंच त्यांना माहीत. पाणी अडवायला कोणी पाइप घालतं हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एजंटनंही आपल्या अकलेनं पाइप वाचवले होते आणि तो शाबासकीच्या अपेक्षेनं सरांकडं बघत होता. मशीन तोपर्यंत शंभराच्या पुढं गेलं होतं. आता त्या अरुंद भोकात मोठा पाइप खाली जाणं शक्य नव्हतं.

  सर मालकाकडं गेले आणि म्हणाले, थांबवा, हे बुजवू, दुसरं घेऊ. मालक म्हणाला, आता एवढं झालंय तर होऊ द्या. तीनशे फुटांपर्यंत नुसती कोरडी राखाडी धूळ आली. मालकाचं तोंड उतरलं. रॉड वर काढले, मशीनचा आवाज बंद झाला, आणि त्या शांततेत गाडीवरच्या एकानं पाइपाला कान लावला. तो हसला. मग एजंटनं लावला, मग मालकानं. आत खोल पाण्याची धार पडल्याचा आवाज येत होता.

सगळे नाचायला लागले. मालकानं गुलाल आणवूनच ठेवला होता. सरांना ओढत नेऊन त्यांचाही कान पाइपाला लावला, ऐका सर, तुमचं पाणी ऐका. सरांनी ऐकलं. फार वेळ ऐकलं. मीही नंतर ऐकलं. तो चाळीस फुटांवरच्या तांबड्या थराचा आवाज होता. मशीनच्या हवेनं तोवर अडवलेलं वरचं पाणी आता कडेनं भोकात शिरून तीनशे फूट खाली पडत होतं. आम्ही तासाभरापूर्वी ज्या विहिरीचं पाणी प्यायलो तीच विहीर तिथं सांडत होती, आणि ते ओळखणारी तिथं दोनच माणसं होती.

सरांनी मालकाला समजावलं. पुन्हा पुन्हा, सोप्या शब्दांत, पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगावं तसं. मालक ऐकत होता, त्याच्या कपाळावर गुलाल होता.

"कुठलं का असेना, सर," तो म्हणाला, "आलं ना?"

आणि त्यानं सरांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढायला लावला. सर शालीत उभे राहिले. मी काय केलं? काही नाही. साडीवरचा गुलाल झटकत राहिले.

त्यानंतर सरांनी तहसील गाठलं, अर्ज दिले, आतून बारीक पाइप घालून वरचा थर बंद करता येईल म्हणून मालकाच्या हातापाया पडले. तहसीलात त्यांना विचारलं की बोअरचा पॉइंट कोणी दिला होता. अर्जावर त्याचं उत्तर त्यांच्याच सहीनं होतं. मी दर पंधरा दिवसांनी विहीर मोजत होते. दर वेळी टेप जास्त सोडावी लागत होती. पाऊस झाला, तेव्हा थोडं चढलं. दिवाळीनंतर पुन्हा उतरू लागलं, आणि पुढच्या मेमध्ये टेपचा खडू कोरडा वर आला.

सर म्हणाले, मला सांगायला गेलं पाहिजे. वर्षभर त्यांनी कौसाबाईंना तोंड दाखवलं नव्हतं. मापाला आलेल्या विद्यार्थ्यांसोबत आम्ही कॉलेजच्या जीपनं गेलो. अर्ध्या मोसंबीची पानं वळलेली होती. सरांनी अंगणात उभ्यानंच सगळं सांगितलं, पॉइंट माझा, मी जेवायला आलो ती चूक माझी, तुमची विहीर माझ्यामुळं गेली.  मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

कौसाबाईंनी ऐकून घेतलं. त्या रागावतील, शिव्या देतील, अशी मी वाट बघत होते, कदाचित सरही बघत होते. त्या म्हणाल्या, "तुमी काय करनार मास्तर. मशीनवाले ऐकत्यात व्हय कुनाचं?" मग मोसंबीकडं बघत, "आता झालं ते झालं. मला बी एक पाइंट द्या."

 सरांनी सांगितलं की आता खाली काही उरलेलं नाही, बोअर घेतली तरी एखादा उन्हाळा चालेल, आणि मग खालच्या शेजाऱ्यांच्या विहिरी जातील, जशी तुमची गेली.

"तवर झाडं तं जगतील," त्या म्हणाल्या. "हाटेलवाल्याला दिला नव्हं? मंग मला नाय कसं म्हंता?"

 आयुष्यभर सरांनी ज्या कारणांनी लोकांना नाही म्हटलं ती सगळी कारणं तशीच खरी होती, पण त्या अंगणात उभं राहून त्यांतलं एकही तोंडातून काढता येत नव्हतं. ते रानात उतरले. यंत्र आणलं नव्हतं, नुसतेच चालत राहिले. बांधाबांधानं, झाडांच्या ओळींतून, विहिरीला वळसा घालून, वर, खाली. त्यांना पॉइंट द्यायचा नव्हता, हे मला दिसत होतं. थांबलं की द्यावा लागेल म्हणून ते चालत होते. कौसाबाई हातात पॉइंटवर ठोकायची लोखंडी खुंटी आणि हातोडी घेऊन त्यांच्या मागं दहा पावलांवर. मे महिन्याचं ऊन, सरांचं वय साठीच्या पुढं. मी दोनदा हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही.

मला चार वाजता विद्यार्थ्यांना घेऊन परतायचं होतं, सर मागून एसटीनं येणार होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी जीपमध्ये बसले आणि मागं पाहिलं. सर एका मोसंबीच्या झाडाजवळ थांबले होते. काही शोधून नव्हे, दम लागला म्हणून. झाडाला हात टेकून, वाकून ते श्वास घेत होते. तेवढ्यात कौसाबाई पोचल्या, खाली बसल्या, आणि सरांच्या दोन पायांच्या मधोमध खुंटी धरून तिच्यावर हातोडीचा घाव घातला. सर पाय मागं घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घेतले नाहीत.